वैऱ्याला धाडलेला सांगावा

एकदा एका खिंडीच्या अल्याड-पल्याड दोन गड होते, आणि त्यांचे वैर इतके जुने, की कारण दोन्हीकडे कुणालाच धड सांगता येत नसे. दोन्ही गडांवर तोफांच्या दारूची कोठारे तुडुंब भरलेली. एकाने बत्ती दिली असती तर दुसऱ्यानेही दिली असती, आणि मधल्या खोऱ्यातली गावे बेचिराख झाली असती. सुभानजीचे घर त्याच खोऱ्यात होते.

एक रीत मात्र दोन्हीकडे पाळली जाई. तोफेची चाचणी असली, की आदल्या दिवशी समोरच्या गडाला सांगावा जायचा: उद्या सकाळी तोफ सुटेल, तोंड डोंगराकडे असेल.

सुभानजी वृद्ध गडकरी आबांचा लाडका शिष्य, नुकताच तोफखान्याचा प्रमुख झालेला. गडावरच ओतलेल्या नव्या तोफेचा त्याला कोण अभिमान! त्याने सांगावा घेऊन निघालेल्या स्वाराला दारातच अडवले. "वैऱ्याला आपल्या तोफेची खबर आपणच द्यायची? आपल्याला काही चाड आहे की नाही?" शहाणपणाला सुट्टी दिली की माणूस असाच बोलतो.

सकाळी तोफ कडाडली. खिंडीत आवाज असा घुमला, की तोंड कुठे होते ते कुणाला कळावे? समोर नगारा वाजला. तटावर पलिते पेटले.

"आबा, हुकूम द्या," सुभानजी म्हणाला. "त्यांच्याआधी आपण डागू."

आबांनी हुकूम दिला खरा, पण भलताच. गोलंदाजांना आपले सगळे पलिते तटाच्या कडेला उभे राहून, समोरच्यांना दिसतील असे, पाण्यात बुडवायला लावले. मग सुभानजीला घेऊन ते निःशस्त्र खिंडीत उतरले. सुभानजीच्या अंगाची रागाने लाही लाही होत होती.

समोरचा गडकरीही उतरला. "सांगावा आला नाही," तो एवढेच म्हणाला.

"चूक आमची. चाचणी होती."

"रीत कुणी मोडली?"

आबांनी सुभानजीकडे पाहिले. त्याला दोष स्वारावर ढकलता आला असता. पण वर समोरचे पलिते जळत होते आणि खाली त्याचे घर होते. "मी," तो म्हणाला. "सांगावा मीच अडवला."

त्या गडकऱ्याने त्याला नीट निरखले. "तुमच्या गडावरून खोटा शब्द आजवर आला नाही. आजही आलेला दिसत नाही." त्याने हात वर केला, आणि समोरच्या तटावरचे पलिते विझू लागले.

गड चढताना सुभानजीने विचारले, "आबा, आपण दुबळे दिसलो नाही का?"

"आपले कोठार भरलेले आहे, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. म्हणूनच आपले विझवणे ही शरणागती ठरली नाही. घाबरलेल्याच्या हाती पलिता असला, की आधी त्याची भीती विझवावी लागते." आबा दम खायला थांबले. "अशी तोफ ते उद्या ओततील, बाळा. पण वैऱ्याने डोळे मिटून विश्वास ठेवावा, असा शब्द ओतून मिळत नाही. तो आपल्या वाडवडिलांनी कमावला. आज तू तो राखलास."

सुभानजीला तोफेचा अभिमान होताच. आपल्या गडाचा अभिमान त्याला त्या दिवशी पहिल्यांदा वाटला.