दमेकऱ्यांची पंगत

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. नावावाचून गोष्टीचं काही अडतही नाही म्हणा.

चारी बाजूंनी डोंगर आणि मध्ये खोलगट मुलूख. धुकं एकदा उतरलं की दुपारपर्यंत उठायचं नाव घेत नसे. त्यामुळे म्हणा की आणखी कशामुळे, घरटी एखादा तरी दमेकरी असायचाच. आणि या दमेकऱ्यांचा देव म्हणजे तिथला राजवैद्य. अडुळसा, पिंपळी, जुना गूळ आणि तूप यांचं एक चाटण तो करी. ते खाऊन कित्येकांची धाप थांबली होती, अंथरुणाला खिळलेली माणसं उठून नांगराला लागली होती. वैद्याचं नाव झालं होतं ते काही उगीच नव्हे.

वर्षातून एकदा, पाऊस सरला की वैद्याच्या अंगणात औषधाची पंगत बसे. राज्यभरचे दमेकरी येत. गावाप्रमाणे आणि मानाप्रमाणे पानं मांडली जात. आधी चाटण, मग मऊ भात. पंगतीच्या अगदी टोकाला, उकिरड्याच्या बाजूला काही पानं वेगळी असत. ज्यांना चाटणाचा गुण आला नाही, ते तिथे बसत. गुण आला नाही म्हणजे पथ्य मोडलं, असा सगळ्यांचा पक्का समज होता. चोरून दही खाल्लं असणार, नाहीतर चिंच चोखली असणार! लोक त्यांना 'पथ्यमोडे' म्हणत, आणि वैद्य त्यांना दुप्पट चाटण देई.

आता घोडं कुठे अडलं ते ऐका.

वैद्याला आई आठवत नव्हती. त्याला लहानाचं मोठं केलं ते थोरल्या बहिणीने, अक्काने. चाळिशी उलटल्यावर या अक्कालाच दमा लागला. वैद्याने मोठ्या मायेने चाटण दिलं. गुण आला नाही. दुप्पट दिलं. तरी नाही.

"अक्का, खरं सांग. ताक पितेस ना?"

"नाही रे बाबा."

"मग गुण का येत नाही? माझं चाटण खोटं का?"

"तुझं चाटण खोटं आहे असं मी कुठे म्हणते? पण मीही खोटी नाही."

त्यातून अक्काच्या हातची कामंही बिघडू लागली होती. दूध करपे, फोडणी जळे आणि तिला पत्ताच नसे. वैद्य मनात म्हणे, जिचं चुलीकडे लक्ष नाही ती पथ्याकडे काय लक्ष देणार! शेवटी त्याने कोठीच्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला लावली आणि अक्काचं पान तो स्वतः वाढू लागला. अक्का पुढ्यात येईल ते खाऊन उठे.

सगळा पावसाळा ती त्याच्याच हातचं जेवली, आणि तिचा दमा वाढला. विहिरीवरून घरी येताना तिला वाटेत दोनदा टेकावं लागे. बोलताना वाक्य अर्ध्यात तुटे. वैद्याने नाडी पाहिली. थंडी पडली की ही टिकायची नाही, हे त्याला स्वच्छ दिसलं.

दुसरा एखादा असता तर म्हणाला असता, हिने शेजारणीकडून मागून खाल्लं असेल. आपलं चुकलं एवढं एक सोडून माणूस वाटेल ते मानायला तयार असतो. पण हा वैद्य खरोखरच मोठा होता. त्याने स्वतःलाच विचारलं, "कुलूप माझं, किल्ली माझी, वाढणारा मी. मग पथ्य मोडलं कोणी?" आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न उभा राहिला. अक्काने मोडलं नसेल, तर त्या उकिरड्याकडच्या माणसांनी तरी मोडलं कशावरून?

पंगतीचा दिवस आला. पानं मांडून झाली, माणसं बसली, वाढपी चाटण घेऊन निघाले. तेवढ्यात वैद्याने हात वर केला.

"थांबा, वाढू नका. सगळे उठा. आज गाव बघायचं नाही आणि मान बघायचा नाही. एकमेकांना विचारा. दमा कोणत्या वयात लागला? कोणत्या दिवसांत उठतो? उठण्याआधी काय होतं? सोबत आणखी काय काय होतं? एखादी खूण जुळली म्हणून बसू नका. पुष्कळ जुळल्या, तरच मांडीला मांडी लावून बसा. कमी जुळल्या तर लांब बसा."

मग जो काही गोंधळ उडाला, तो काय सांगावा! निम्मे लोक चुकून पुन्हा आपल्याच गावात जाऊन बसले. एका पाटलांनी मिशीला पीळ भरून विचारलं, "म्हणजे मी त्या कोळसेवाल्याशेजारी बसायचं?"

"पाटील, तुमचा दमा त्याच्या दम्याचा सख्खा भाऊ निघाला, तर बसावं लागेल," वैद्य म्हणाला.

निघालाच. दोघांनाही लहानपणापासून धाप, अंगाला खाज, आणि सुगीत नुसत्या शिंकाच शिंका. थोड्या वेळाने दोघे आपापल्या आजीचे उपाय एकमेकांना सांगत बसले होते.

वैद्य माणसांतून फिरत होता. कोणाला इकडे सरकवी, कोणाला पलीकडे. त्याच्या मनात पोथीतले वात, पित्त, कफ असे तीन वर्ग तयार होते. घोळके मात्र पोथीप्रमाणे पडेनात. तो पोथी विसरला आणि घोळके जसे पडत होते तसे त्याने पडू दिले. हे ऐकायला सोपं वाटतं, पण आयुष्यभर शिकलेलं बाजूला ठेवणं फार अवघड असतं.

एक घोळका पाटलांचा. चाटणाचा गुण आलेले बहुतेक सगळे तिथेच सापडले. दुसऱ्यात अंगाने स्थूल माणसं होती आणि त्यांतही बाया जास्त. दुप्पट गूळ-तूप खाऊन त्यांची अंगं आणखी जड झाली होती आणि धापही वाढली होती. तिसऱ्यात अक्का बसली होती, एका कासाराच्या आणि एका वयस्क जमादाराच्या मध्ये. तिघांनाही दमा चाळिशीनंतर लागला होता. खाज नाही, शिंका नाहीत, नाक मात्र कायम चोंदलेलं.

जमादार जरा लाजत म्हणाला, "आमची मंडळी रागावतात. म्हणतात, भाकरी जळून कोळसा झाली तरी तुम्हाला वास येत नाही."

"मला अत्तराचासुद्धा येत नाही," कासार म्हणाला.

अक्का दोघांकडे बघतच राहिली. "अगंबाई! म्हणजे तुम्हालाही? मला वाटायचं, माझंच लक्ष उडालंय. दूध करपतं आणि मला कळतच नाही."

वैद्य मागे उभा होता. ते करपलेलं दूध त्याने कितीदा तोंड वाकडं करून प्यायलं होतं, पण 'असं का होतं' म्हणून एकदाही विचारलं नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली.

बातमी दरबारात गेली. प्रधान हुशार होता. तो म्हणाला, "वैद्यराज, ढगांतही हत्ती दिसतात. इतकी माणसं गोळा केली की घोळके पडायचेच. हे खरे कशावरून?"

वैद्याला राग आला नाही. "प्रधानजी, शंका अगदी रास्त आहे. म्हणूनच मी अजून औषध बदललेलं नाही."

त्याने घाटापलीकडचे दमेकरी बोलावले. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आपण स्वतः दूर राहिला आणि दुसऱ्या वैद्याला, घोळके कसे पडले होते ते न सांगता, तेच प्रश्न विचारून माणसांना बसवायला सांगितलं. यात दिवस जात होते आणि गारवा वाढत होता. अक्का आता भिंतीला टेकूनच झोपे. एकदा वैद्याचा धीर सुटला. तो म्हणाला, "अक्का, तुझं औषध आजच बदलतो."

अक्का धापा टाकत म्हणाली, "आधी खात्री कर. माझ्यापायी घाई करशील... आणि त्या सगळ्यांना बुडवशील."

खात्री झाली. घाटापलीकडेही घोळके तसेच पडले. प्रधान स्वतः येऊन म्हणाला, "हत्ती ढगातला नव्हता, वैद्यराज."

मग वैद्याने एकेका घोळक्याचा वेगळा विचार केला. पाटलांच्या मंडळींचं चाटण चालू ठेवलं. स्थूल मंडळींचं गूळ-तूप बंद करून त्यांना हलका आहार आणि रोजचं चालणं लावून दिलं. अक्काच्या घोळक्यासाठी आधी नाकाचा उपाय हवा, हे आता उघड होतं. नाकात घातलेलं पहिलं तेल फुकट गेलं. दुसऱ्याने नाक नुसतं चरचरलं. "घाल, आणखी एक घालून बघ," अक्का म्हणत राहिली. तिसऱ्याने नाक मोकळं झालं, जोडीला दिलेल्या कडू काढ्याने छाती मोकळी झाली, आणि ऐन थंडीत अक्का न थांबता विहिरीवरून भरली घागर घेऊन आली.

वैद्याने तिच्या पायावर डोकं ठेवलं. "अक्का, मी तुझ्यावर आळ घेतला."

"आळ घेतलास त्याचं एवढं नाही रे," अक्का म्हणाली. "पण लहानपणी तू रडलास की मी आधी विचारायची, कुठे दुखतंय? तू मला तेवढंही विचारलं नाहीस."

याचं उत्तर वैद्याने पुढच्या पंगतीत दिलं. त्या पंगतीत एक चौथा घोळका होता. थोडीच माणसं, बहुतेक म्हातारी, आणि त्यांना कशाचाच गुण येत नव्हता. राजा शालजोडी घेऊन आला होता, मानाचं पान मांडलेलं होतं. वैद्य त्या पानावर बसला नाही. तो चौथ्या घोळक्यात गेला आणि एका म्हाताऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसला.

"बाबा, तुमचं औषध मला अजून सापडलेलं नाही. मी शोधतो आहे. पण तुम्ही पथ्य मोडलेलं नाही. कमी पडलं ते माझं ज्ञान."

म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला. "बायको मरेपर्यंत मला चोर समजत होती, वैद्यबुवा," तो म्हणाला. "हे ऐकायला ती हवी होती."

तात्पर्य : एका नावाच्या दुखण्यात अनेक दुखणी लपलेली असतात, म्हणून औषध लागू पडलं नाही, तर रोग्याला दोष देण्याआधी त्याचं दुखणं नीट ओळखावं.