पैलतीरावरची खूण

एका वर्षावासात, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाच्या काळात, मी नेम धरला होता. ज्या घरात कुणी नुकती दारू सोडली असेल, तिथे जाऊन ही कथा सांगायची. आज तुमच्या ओसरीवर बसले आहे ती त्याच नेमाने.

फार पूर्वी वरणावती नगरात महीसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व, म्हणजे पूर्वजन्मीचे बुद्ध, वैद्यकुळात जन्मले होते. तिथल्या घाटावर दर्भक नावाचा नावाडी होता. नशेत त्याने एकदा नाव उलटवली आणि थोरली लेक पाण्यात गेली. त्या दिवसापासून चार महिने तो दारूच्या थेंबालाही शिवला नव्हता.

नाव तो रोज पाण्यात घालीच. पण मध्यधारेत त्याच्या तोंडाला पाणी सुटे आणि नाव आपसूक पैलतीरावरच्या गुत्त्याकडे वळू पाही. हे तो कुणाला सांगत नसे.

एके सकाळी त्याची बायको मणिका धाकटीला कुशीत घेऊन माहेरी निघाली. शेजारी तेच वैद्य बोधिसत्त्व बसले होते. धार लागली तसा दर्भक पैलतीराकडे बघत राहिला. वल्हं अडखळलं, पाणी नावेत उसळलं.

"धनी, पुन्हा?" मणिका किंचाळली.

"शपथ तुझी, प्यालो नाही गं!"

"खरं आहे ते," वैद्य शांतपणे म्हणाले. "पण बाबा, तुझी नजर कुठे आहे?"

"खुणेवर. पैलतीरी खूण धरल्याशिवाय नाव सरळ जाते का? आजोबांपासून आमची खूण एकच, गुत्त्यावरचं लाल निशाण."

"अगं बाई! घरातले दारूचे सगळे घट मी फोडले, आणि हे रोज सहा खेपा त्या निशाणाकडे बघत येतात!"

दर्भकाची मान खाली गेली. "तोंडाला पाणी सुटतं, वैद्यराज. पापी आहे मी."

"पाप नव्हे ते. शरीर जुनी ओळख विसरत नाही. पण लपवशील तर तीच एक दिवस ओढून नेईल. दुसरी खूण धर."

पैलतीरावरच, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, पांढरा खडक होता. तिकडे वळताच धार आडवी आली, नाव थरथरली. दर्भकाने वल्हं जोर लावून ओढलं. नजर निशाणाकडे सरकली की मणिका ओरडे, "खडक, धनी, खडक! निशाणाकडे काय बघता?"

शेवटी नाव वाळूला लागली. धाकटी झोपूनच होती.

तोंडाला पाणी सुटायचं थांबायला पुढे वर्ष लागलं. पण गुत्त्याच्या घाटाला ती नाव पुन्हा लागली नाही.

भिक्खूंना ही कथा सांगून भगवान बुद्ध म्हणाले, "मद्यशाळेसमोर ज्याचे पाय अजून अडखळतात, तो हा भिक्खूच तेव्हा नावाडी होता. त्याला रोज भिक्षा वाढणारी उपासिका ती मणिका. वैद्य मी होतो." खूण बदलून नजर तिच्यावर राखणं, हाच अप्रमाद, म्हणजे सतत सावध राहणं.

तुमच्याही घरात अशी एखादी खूण असेल. आज ती शोधा, बदला. आणि मग माझ्यासारखाच नेम धरून ही कथा अशाच एका घरी सांगून या, एवढंच मागते.