भागीकाकीचा पाट

कोळंबखोलच्या संग्रहालयात शिरताना मुलांना चपला काढून ठेवाव्या लागतात आणि शिक्षकांना पुस्तके. पुस्तके, टाचणाच्या वह्या, छापील माहितीपत्रके, हल्ली तर मोबाइलसुद्धा. त्यासाठी वेगळे कपाट नाही. उंबरा ओलांडला की समोर जो काळसर लाकडी पेटारा दिसतो, त्यावर सगळे ठेवायचे. पेटाऱ्याला लागून फणसाच्या लाकडाचा एक पाट आहे आणि तो कायम रिकामा असतो. तालुक्याहून नवे आलेले एखादे शिक्षक दमूनभागून त्यावर टेकायला जातात, तेव्हा शेजारचे त्यांना हाताला धरून उठवतात. पाट कुणाचा, हे त्यांना संध्याकाळपर्यंत कळतेच. तुम्ही पाहुणे आहात, तुम्हाला आधीच सांगितलेले बरे.

गोष्ट जुनी आहे. किती जुनी यावर गावात वाद आहे आणि तो मिटावा अशी कुणाची फारशी इच्छाही नाही. तेव्हा गावाची स्वतःची दशावताराची मंडळी होती, असे सांगतात. दशावतार म्हणजे इकडचे देवळापुढचे नाटक. त्यात संकासूर येतो. या राक्षसाने वेद चोरले आणि तो समुद्रात दडून बसला. तोंडावर काळा बुरखा, बुरख्याला लोंबणारी लाल कापडाची जीभ. शेवटी विष्णू मासा होऊन येतो, त्याला मारतो आणि वेद परत नेतो. पण मरायच्या आधी संकासूर प्रेक्षकांशी जी हुज्जत घालतो, ती ऐकायला माणसे लांबून चालत यायची. आणखी एक ध्यानात ठेवा, पुढे लागेल. या नाटकाचे संवाद कुठे लिहिलेले नसतात. गोष्ट सगळ्यांना ठाऊक, बोलणे मात्र ज्याचे त्याने उभ्या जागी करायचे.

कोळंबखोलचा संकासूर म्हणजे दाजी मोर्ये. त्याची बायको भागीरथी, तिला सगळा गाव भागीकाकी म्हणे. बायकांनी रंगात उभे राहायची तेव्हा रीत नव्हती. सीता आणि द्रौपदीसुद्धा मिशा काढलेले पुरुषच व्हायचे. पण दाजीची खरी तालीम चालायची ती भागीकाकीच्या चुलीपुढे. ती पेज ढवळत असायची आणि तो भिंतीला टेकून म्हणायचा, "विचार गे, काय ता." मग ती काहीतरी तिरपागडे विचारायची आणि तो उत्तर शोधायचा. सोपा प्रश्न तिने त्याला कधी घातला नाही. उत्तर जमले तर पेज गरम मिळायची, नाही जमले तर निवलेली, असे म्हणतात.

मंडळींचे सगळे सामान या पेटाऱ्यात असे. गणपतीचा मुखवटा, मुकुट, लाकडी तलवारी आणि संकासुराचा बुरखा. पेटाऱ्याचा एक नियम होता. तो उघडला की खेळ झालाच पाहिजे. खेळ न करता झाकण लावणे म्हणजे देवाला पानावर बसवून उपाशी उठवणे. पुढे मंडळी पांगली. कुणी मुंबईला गिरणीत गेला, कुणी गोव्याला खाणीवर. राहता राहिला दाजी, तोही दुखण्याने अंथरुणाला खिळला. जाताना त्याने बायकोकडून पेटाऱ्याबद्दल वचन घेतले.

"खेळणारो गावलो तर त्येका दी," तो म्हणाला. "नाय गावलो तर माज्या वर्साक नदीत सोड. पन कोनाच्या माडयेर शोभेक ठेव नको."

वर्षश्राद्ध जवळ येऊ लागले तसा भागीकाकीचा जीव खालीवर होऊ लागला. पोटी मूलबाळ नव्हते. घरात दाजीचे म्हणावे असे एवढेच उरले होते आणि तेही आता नदीला द्यायचे. खेळणारा कुठून आणायचा? तिने दोन-चार गावांना निरोप धाडले. सगळ्यांचे आपापले पेटारे होते, दुसऱ्याच्या देवाची जबाबदारी कोण घेणार?

त्याच सुमारास गावच्या शाळेत कोचरेकर मास्तर आले होते. कडक माणूस. कविता पाठ नसली तर पोराला उन्हात उभे करायचे. पण डोक्यात एक खूळ होते. देवळासमोरचे भाताचे रिकामे कोठार त्यांनी मागून घेतले, झाडून काढले आणि त्यात गावातल्या मोडक्यातोडक्या वस्तू मांडायला सुरुवात केली. नांगर, मासे धरायचे पाग, धान्य मोजायची पायली, पावसात डोक्यावर घ्यायचे इरले. आसपासच्या शाळांची मुले आणि मास्तर इथे आणायचे, त्यांना सगळे समजावून सांगायचे, असा बेत होता. गाव हसला. इरले बघायला इरले घेऊन कोण येणार, असे लोक म्हणाले. मास्तर काही बधले नाहीत. ते एक दिवस भागीकाकीच्या अंगणात येऊन उभे राहिले आणि त्यांनी पेटारा मागितला.

"मास्तरांनू, ह्यो पेटारो बघूसाठी नाय," ती म्हणाली. "उघडलो काय खेळ होवकच व्हयो. कोन खेळतलो?"

"आमी मास्तर लोक खेळतलंव, काकी. शाळेची पोरां येतली, त्येंच्यासमोर."

"आनि तुमका बोलूक येता?"

"जल्मभर ताच करत इलंय."

भागीकाकी हसली. पण नाही म्हणाली नाही. खेळ व्हायचा तो श्राद्धाच्या आदल्या दिवशी, असे तिने सांगितले. खेळ पुरा झाला तर पेटारा कोठारात राहील. मोडला तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो नदीत जाईल आणि मग कुणी हात आडवा घालायचा नाही. मास्तरांनी मान्य केले.

आणि इथे मास्तरांनी अशी चूक केली, जी फक्त मास्तरच करू जाणे. त्यांनी दशावताराचे संवाद लिहून काढले. सुवाच्य अक्षरात, सवाल-जवाबांच्या जोड्यांनी, कुठे थांबायचे त्याच्या खुणांसकट. शेजारच्या गावांतले सहकारी बोलावून त्यांच्याकडून ते पाठ करून घेतले. संकासूर त्यांनी स्वतःकडे ठेवला. आपण विसरणार नाही याची त्यांना खात्री होती, तरी कागदांची गुंडाळी त्यांनी हातात ठेवली. राक्षसाच्या हातातले वेद म्हणून ती शोभूनही दिसेल, असा त्यांचा हिशेब.

ठरल्या दिवशी मुले आली. खाडीपलीकडची होडीने, घाटाकडची गाडीने. दशावतार खरे तर रात्रीचा, पण मुलांना सांजेच्या आत घरी पोचायचे होते म्हणून भर दिवसा देवळापुढच्या मांडावर, म्हणजे खेळाच्या अंगणात, सगळे बसले. गावच्या मानकऱ्याने, गावकाराने, पेटाऱ्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले. "बा देवा म्हाराजा, ही शाळेची पोरां तुज्या दारात बसली हत. काय चुकला माकला तर पदरात घी, आनि खेळ पुरो करून घी!" सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणाले आणि पेटारा उघडला. भागीकाकी आपला फणसाचा पाट घेऊन पेटाऱ्याला लागून बसली होती. काळा बुरखा बाहेर निघताना तिने मान वळवली, असे बघणाऱ्या बायका सांगत.

सुरुवातीचा गणपती ठीक झाला. मग संकासूर आला आणि दोन वाक्यांत खेळ थंडावला. मास्तर नुसते वाक्य म्हणत होते. मुले जांभया देऊ लागली. मास्तरांनी ते ओळखले, म्हणे, आणि ओळखल्यावर त्यांचे पाठांतर सुटले. कागद उघडावा तर बुरख्याची भोके दाजीच्या डोळ्यांच्या मापाची, मास्तरांच्या डोळ्यांसमोर ती येईनात. भर उन्हात, काळ्या बुरख्यात, लाल जीभ लोंबवत कोळंबखोलचे कडक मास्तर पाठ न केलेल्या पोरासारखे उभे राहिले. मांडावर कुणी हसलेसुद्धा नाही. पखवाजवाल्याने एकदा थाप मारून पाहिली, पुन्हा मारली आणि हात मांडीवर ठेवला.

खेळ मोडला होता. भागीकाकीला ते सगळ्यांच्या आधी कळले. ती उठली. मुकुट, तलवारी, जे हाताशी आले ते तिने पेटाऱ्यात ठेवले. बुरखा मागून मिळेलच. उद्या सकाळी नदीवर जायचे, एवढेच तिच्या मनात होते. तिने झाकण खाली ओढले.

झाकण बसेना. तिने जोर लावला, गावकार धावला, त्यानेही लावला. बिजागरी ठीक होती, आत काही अडकले नव्हते, तरी झाकण अर्ध्यावर येई आणि तिथेच थांबे. आता शास्त्र शिकवणारे शिक्षक सांगतात की उन्हात काढल्यावर जुने लाकूड असे वागते. वागत असेल. भागीकाकीला मात्र त्या क्षणी चुलीपुढचा दाजी आठवला. भिंतीला टेकलेला, पेजेची वाट बघणारा, विचार गे म्हणणारा. झाकणावरचे हात तिने तसेच ठेवले आणि मान वर केली. जन्मात कधी मांडावर तोंड न उघडलेली ती बाई त्या बुरख्याकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाली,

"काय रे संकासुरा, वेद चोरलंस ता चोरलंस. वाचलंस तरी काय?"

बुरख्याआड काय चालले होते ते मास्तरांनाच माहीत. पाठ केलेल्यात याचे उत्तर नव्हते. मग जीभ हलली.

"नाय गे बाये," संकासूर म्हणाला. "सगळा तोंडपाठ केलंय. वाचूचा तेवढा ऱ्हवला."

आधी मास्तरांची स्वतःची पोरे हसली. या माणसाने आपल्याला काय काय पाठ करायला लावले ते त्यांना ठाऊक होते ना! मग बाकीच्या शाळा हसल्या, मग त्यांचे मास्तर हसले आणि शेवटी गाव. त्या हशात कुठल्याशा मुलीने ओरडून विचारले, "वेद पान्यात भिजले नाय?" संकासूर गुंडाळी उन्हात धरून म्हणाला, "भिजले मगे! म्हनान तर आज दिवसाचो इलंय, सुकवूक." आता प्रश्नांची झोड उठली. पखवाजवाल्याला हात थांबवायला सवड मिळेना.

संकासूर तसाच नाचत कोठारात शिरला आणि सगळी पोरे त्याच्या मागे. त्याने इरले उचलून डोक्यावर घेतले आणि हा माझ्या बापाचा मुकुट, असे जाहीर केले. "इरलां ता!" पोरे ओरडली. इरले म्हणजे काय, म्हणाला, मी पडलो समुद्रातला, मला पावसाचे काय? मग पोरांनीच त्याला सांगितले, आजी ते कशी विणते, पाने कुठली लागतात, वाऱ्यात ते कसे धरायचे. पायली झाली, नांगर झाला, पाग झाला. खाडीकडच्या पोरांनी पाग फेकून दाखवला आणि त्यात संकासूरच अडकला. तिथेच मासा झालेल्या विष्णूने त्याला गाठले, मारले आणि हातातली ती गुंडाळी काढून घेतली. तेवढा मृत्यू मास्तरांनी अगदी मन लावून केला, असे अजून कौतुकाने सांगतात.

मांडावर परत आल्यावर विष्णूने ती गुंडाळी भागीकाकीच्या हाती दिली. तिने ती पेटाऱ्याच्या तळाशी ठेवली, वर बुरखा ठेवला आणि झाकणाला बोट लावले. झाकण बसले. भागीकाकी सगळ्यांदेखत रडली आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी ती नदीवर गेली, पण पेटारा घेऊन नव्हे. केळीच्या पानाच्या द्रोणात पेज वाढून नेली आणि पाण्यात सोडली. पेज गरम होती, त्यावर वाफ दिसत होती, असे पैलतीरावरच्या लोकांनी सांगितले.

त्यानंतर जिवंत होती तोवर प्रत्येक खेळाला भागीकाकी त्या पाटावर बसली. संकासुराला पहिला प्रश्न तिचा, आणि दर वेळी नवा. कोचरेकर मास्तर म्हातारे झाल्यावर दुसऱ्या शाळांतले मास्तर बुरख्यात शिरले, पुढे बाईही शिरल्या. त्या सगळ्यांना तिने घाम फोडला. ती गेल्यावर पाट हलवायचा का, असा प्रश्न निघाला होता. तो कुणी पुरता विचारलाही नाही.

आजही दिवाळीनंतर शाळांचे खेळ सुरू होतात, तेव्हा शिक्षक एक दिवस आधी येतात. हातातले सगळे काढून कागदाशिवाय बोलायची तालीम करतात. पहिल्यांदा बऱ्याच जणांना ते जड जाते. दुसऱ्या दिवशी मुले येतात, गाऱ्हाणे होते, पेटारा उघडतो. सामान बाहेर निघते, पुस्तके आत जातात आणि खेळ संपल्यावर विष्णू ती मुलांच्या हातून ज्याची त्याला परत देतो. मग झाकण. ते अडल्याचे अजून तरी कुणाच्या ऐकिवात नाही.

आजही संकासूर म्हणून शिक्षकच उभा राहतो. तुम्ही उद्या थांबलात तर बघालच. मांडावर आल्यावर तो आधी मुलांकडे वळत नाही. उघड्या दारातून आतल्या रिकाम्या पाटाकडे तोंड करतो आणि पखवाज थांबतो. मग तो कुठल्याही गावचा असो, त्याला मालवणी येवो न येवो, एवढे दोन शब्द त्याला आदल्या दिवशी शिकवलेले असतात.

"विचार गे," तो म्हणतो. आणि मागे बसलेली सगळी मुले एकदम विचारू लागतात.