निळ्या भिंतीची भेग

मिरजेचे घरमालक बापूसाहेब कोठावळे स्वतःला न्यायाधीशच समजत. एका सकाळी ते भाडेकरू गोदाक्कांच्या दारात कडाडले, "तुमच्या मसाला कांडण्यानं माझी भिंत तडकली! दुरुस्त करून द्या, नाहीतर खोली सोडा."

सगळी आळी गोळा झाली. गोदाक्कांनी मुसळ खाली ठेवलं. "बापूसाहेब, हा निळा रंग कधीचा?"

"तुम्ही राहायला यायच्या आधीचा! मी जातीनं उभा राहून दिलाय. बोटभर जागा सोडली नाही."

गोदाक्कांनी भेगेत बॅटरी मारली. आतही निळाशार रंग!

"खरंच हो," त्या म्हणाल्या, "मी यायच्या आधीच भेगेच्या आतसुद्धा रंगवून ठेवलंत!"

आळी खदखदून हसली. दुपारी बापूसाहेब स्वतःच सिमेंट कालवत बसले. शेजारी मुसळ जोरात चाललं होतं.