भगवंतरावांची पोटदुखी

डॉक्टर यामिनी खरातांनी नव्या दवाखान्यावर पाटी लावली, ‘फी रोख. विम्याचं कार्ड चालणार नाही.’ नगराध्यक्ष भगवंतराव ढोल्यांना लगेच संशय आला. कार्ड नको म्हणजे बाई नक्की काहीतरी लपवतेय! खोट्या दुखण्यावर तिनं फी घेतली, की दवाखान्याला टाळं ठोकायचं असं ठरवून ते चार साक्षीदारांसह पोट धरून आत शिरले.

डॉक्टरांनी बोटांनी पोट दाबलं. भगवंतराव किंचाळले. मग डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला, “आता नुसतं ऐकते हं,” म्हणाल्या आणि त्याच जागी अजून जोरात दाबलं. भगवंतराव गप्प पडून राहिले.

“उठा साहेब. तुम्हाला काही झालेलं नाही. फी नको.”

भगवंतराव उसळले. “मग कार्ड का चालत नाही, ते सांगा या चौघांसमोर!”

“कार्डाच्या फॉर्मवर आजाराचं नाव लिहावंच लागतं,” डॉक्टर हात धूत म्हणाल्या. “कार्ड घेतलं असतं, तर आज तुम्हाला एखादा आजार चिकटवावा लागला असता.”

भगवंतराव तरातरा निघून गेले. एक साक्षीदार मात्र दारातच घुटमळला.

“मॅडम, गेल्या महिन्यात कार्डावर माझं ऑपरेशन झालं. ते कशाचं होतं, एवढं बघून सांगता का?”