माईची गाडी

“…आणि गाडीचं छत उंच घेऊ की बेताचं?” दिगंबरनं विचारलं.

माई देवळाच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. उजवा पाय लांब केलेला, गुडघ्यावर निरगुडीचा पाला बांधलेला.

“उंच छताचा काय फायदा?”

“आत उभं राहता येतं.”

“मला बाहेरच उभं राहता येत नाही,” माई म्हणाली. “पण आपल्या द्वारकेला उभं राहता येईल. बघ तू.”

दिगंबरला वेगळंच काही अपेक्षित होतं.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून माई कितीतरी वर्षं पायी फिरत होती. संध्याकाळी कुणाच्या तरी ओट्यावर बसायची, एखादा अभंग म्हणायची आणि मग नुसती ऐकायची. बाया मनातलं बोलायच्या. कुणाचा नवरा प्यायचा, कुणाला मूल होत नव्हतं, कुणाच्या मुलीनं विहीर जवळ केली होती. माई उपाय सांगत नसे. सकाळी उठून पुढच्या गावाला जायची. बरोबर असायची ती द्वारका. नवऱ्यानं टाकल्यावर ती माईच्या मागं निघाली, ती परत गेली नव्हती.

दिगंबर नारखेडेचा भुसावळकडे पाइपांचा कारखाना होता. दर हिवाळ्यात तो कारखाना भावाच्या हाती देऊन यायचा आणि काही गावं माईच्या मागं चालायचा. बूट देवळात काढून ठेवायचा आणि अनवाणी चालायचा. उरलेलं वर्ष तो त्याबद्दल बोलायचा. व्यापाऱ्यांजवळ, व्याह्यांजवळ, परगावाहून आलेल्या इंजिनिअरांजवळ. आमची माई गाडीला हात लावत नाही, असं तो सांगायचा. ऐकणारे हात जोडायचे. त्याला बरं वाटायचं.

यंदा पाऊस सरल्यावर माई निघाली, ती गावाबाहेरच्या नाल्यापाशीच खाली बसली. पुन्हा उठवेना. चौघांनी उचलून देवळात आणली. फैजपूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की गुडघे संपलेत. ऑपरेशन करावं तर छाती साथ देणार नाही. आता चालणं बंद.

ते ऐकून दिगंबर आला. येताना त्याच्या मनात कल्पना आली होती. जुनी व्हॅन घ्यायची, आतली आसनं काढायची, बिछाना बसवायचा, चूल-भांड्यांची सोय करायची. माईनं त्यातच राहायचं, त्यातूनच फिरायचं. द्वारकेला ट्रॅक्टर चालवता येत होता, ती गाडीही चालवील. वाटेनं त्यानं माईला समजावण्याची सगळी वाक्यं तयार केली. ती नाही म्हणेल. आपण आग्रह करू. ती तरीही नाही म्हणेल… पुढं हे लोकांना कसं सांगायचं, तेही त्याच्या मनात जुळत आलं होतं.

त्यानं कल्पना सांगितली.

“चालेल,” माई म्हणाली होती.

* * *

दोन दिवसांनी तो माईला आणि द्वारकेला घेऊन भुसावळला जुन्या गाड्यांच्या आवारात गेला. आपल्या मोटारीत माईला बसवताना त्यानं इकडंतिकडं पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं.

आवारात तीन व्हॅन काढून ठेवल्या होत्या. एक उंच, पांढरी, प्रवासी वाहतुकीची. एक शाळेची पिवळी. एक दवाखान्यातून निवृत्त झालेली अँब्युलन्स.

दिगंबरला यंत्रांतलं कळत होतं. त्यानं चटया उचलून खालचा पत्रा पाहिला, गाडीखाली वाकून चेसिस पाहिली. खिशातलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवलं. चुंबक चिकटत नाही तिथं गंज लपवायला लांबीचा लेप भरलेला असतो, असं त्यानं द्वारकेला समजावून सांगितलं.

माई तोवर प्रत्येक गाडीत बसून पाहत होती. पिवळीत तिला वाकून शिरावं लागलं. पांढरीची पायरी उंच होती, द्वारकेनं खालून उचललं तेव्हा जमलं. तरीही ती खिडक्या उघडून बघत होती, बिछाना कुठल्या बाजूला येईल ते विचारत होती. भेटायला आलेल्या बायांना बसायला एक बाक हवा, म्हणत होती. लुगडं घ्यायला आलेल्या बाईसारखी ती खूश दिसत होती.

दिगंबरला ते पाहवेना.

अँब्युलन्सची मागची दारं दोन्हीकडं पूर्ण उघडत होती. पायरी बुटकी. माई आपली आपण चढली. आत रुग्णाचा जुना पलंग तसाच होता. ती त्याच्यावर आडवी झाली, पाय सरळ केले आणि डोळे मिटले.

काही वेळानं द्वारका बाहेर आली. माईला झोप लागली होती. नाल्यापाशी बसली तेव्हापासून रात्री धड झोप नव्हती, ओसरीच्या फरशीवर गुडघा ठणकायचा, असं तिनं हळू आवाजात सांगितलं.

आवाराच्या मालकानं दिगंबरला विचारलं, आजींना काय होतंय. दिगंबर म्हणाला, काही नाही.

मग त्यानं अँब्युलन्सच्या चाकावरच्या पत्र्याला चुंबक लावलं. चुंबक घसरून खाली पडलं.

“ही नको,” तो म्हणाला.

* * *

पांढरीही नको ठरली. इतकी उंच गाडी गावातल्या गल्ल्यांत शिरायची नाही, विजेच्या तारांना लागेल. पिवळीचं छत बुटकं. मग तो जळगावला गेला, बऱ्हाणपूरला गेला, मालेगावला गेला. कुठं इंजिन धूर टाकत होतं, कुठं कागदपत्रं धड नव्हती, कुठं नुसता रंगच त्याला आवडला नाही. दर आठवड्याला तो ओसरीवर येऊन बसायचा आणि नव्या गाडीतली खोट सांगायचा. माई ऐकून घ्यायची.

दिवाळी गेली. केळीच्या बागांत थंडी उतरली. दरवर्षी या दिवसांत माई पार चोपड्याच्या बाजूला पोचलेली असायची. यंदा निरोप येत राहिले. एका पाड्यावरची बाई डोंगर उतरून आली. लेक बाळंतपणात गेली, म्हणाली, माई येईल म्हणून नातवाचं नाव ठेवायचं थांबलो होतो. माईनं तिला पोटाशी धरलं.

दिगंबर आला तेव्हा माईनं विचारलं, “आज काय खोट निघाली?”

त्यानं सांगितलं. दार सरकतं होतं, मध्येच अडकायचं.

“मला गाडी पाहिजे, दिगंबर,” माई म्हणाली. “तुला नको आहे.”

तो दचकला. तसं नाही म्हणाला. वस्तू पारखून घ्यावी लागते म्हणाला. मग खाली फरशीकडं बघत राहिला…

“तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं होतं मला.”

“मग विचारलंस कशाला?”

द्वारका आतल्या बाजूला तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

“माई, मी जगाला सांगितलंय,” दिगंबर म्हणाला. “माई गाडीला हात लावत नाही. माझा कामगार दुचाकी मागायला आला की मी त्याला तुमची गोष्ट सांगतो. माझ्या मुलानं मोठी मोटार घ्यायची म्हटली, तेव्हाही तुमचीच सांगितली. लोक तुमचं नाव घेतात ते… तुमच्या पायांसाठी घेतात.”

“गाडीत बसणार नाही असं मी कधी म्हटलं होतं?”

त्यानं आठवून पाहिलं. कितीतरी हिवाळे आठवले. धूळ, बाभळीचे काटे, पुढं चालणारी पांढरी पाठ.

“नाही,” तो म्हणाला. “कधीच नाही.”

माईनं गुडघ्यावरची सैल झालेली पट्टी सारखी केली.

“मग इतकी वर्षं तुम्ही चालत का होता?”

“गाडी नव्हती,” माई म्हणाली.

…

बाहेर केळीचा ट्रॅक्टर गेला.

मग माईनं दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून त्याच्यासमोर ठेवला. लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं, पाल्याची पट्टी सोडली.

या पायांवर त्यानं वर्षानुवर्षं कपाळ टेकलं होतं, दर वेळी डोळे मिटून. आता ते मिटता आले नाहीत. गुडघा सुजून चकाकत होता. पोटरीवर निळ्या शिरांचं जाळं उठलं होतं. टाच भेगाळलेली, अंगठ्याचं नख काळं पडून मुळापासून सुटलेलं. जुन्या जखमांचे वण तर कुठं सुरू होत होते नि कुठं संपत होते, कळत नव्हतं.

“दुखतं का?” दिगंबरनं विचारलं.

“दुखतं रे,” माई म्हणाली.

इतक्या हिवाळ्यांत त्यानं हे विचारलं नव्हतं. तिनंही सांगितलं नव्हतं. मग त्यानं डोळे पुसले, द्वारकेकडून निरगुडीचा पाला मागून घेतला, तव्यावर गरम केला. फार गरम झाला तेव्हा द्वारकेनंच तो त्याच्या हातून घेऊन थोडा निववून परत दिला. त्यानं गुडघा शेकला. पट्टी त्याला नीट बांधता आली नाही. माईनं ती तशीच राहू दिली.

* * *

दुसऱ्या दिवशी त्यानं अँब्युलन्स घेतली.

गंजलेला पत्रा कापून काढायला लावला, नवा जोडला. छतावरचा दिवा आणि भोंगा उतरवला. कारखान्यातल्या वेल्डरबरोबर तो स्वतः उभा राहिला. पलंग ठेवला, पण थोडा खाली घेतला, म्हणजे माईला बसता-उठता पाय जमिनीला लागतील. उशाशी खिडकी काढली. समोर बायांसाठी बाक केला आणि बाकाखाली द्वारकेच्या डब्यांना फळ्या ठोकल्या. पाण्याच्या टाकीला छोटा नळ बसवावा असं त्याला फार वाटत होतं. त्यानं माईला विचारलं. तुला आवडत असेल तर बसव, ती म्हणाली. त्यानं बसवला. आरटीओत खेटे घालून गाडीची नोंद बदलून आणली. द्वारकेला लायसन काढून दिलं. रोज तासभर तिला नदीकाठच्या मोकळ्या रस्त्यावर नेऊन शेजारी बसायचा. ट्रॅक्टरची सवय असल्यानं ती स्टिअरिंग फार घट्ट धरायची.

गाडी तयार झाल्याचं कळलं तेव्हा बोलायचं ते लोक बोललेच. माईच्या मागं येणाऱ्यांपैकी काहींनी येणं सोडलं. दिगंबरच्या व्याह्यांनी फोन करून विचारलं, ऐकतोय ते खरं का? दिगंबर म्हणाला, खरं आहे. गुडघे फार दुखतात तिचे. मग व्याह्यांनी आपल्या आईच्या गुडघ्यांचं सांगायला सुरुवात केली.

निघायच्या सकाळी गावातली बायामाणसं देवळापाशी जमली. दरवर्षीपेक्षा कमी होती. माई द्वारकेच्या खांद्यावर हात ठेवून गाडीपर्यंत आली. चढायच्या आधी तिनं दाराची कडी दोनदा लावून-उघडून पाहिली. मग आत जाऊन पलंगावर बसली, खिडकी उघडली, बाहेरच्या बायांना हात केला. कुणीतरी आत भाकऱ्यांचं गाठोडं दिलं, कुणी केळीचा फणा. पहिला मुक्काम त्या पाड्यावर होता, जिथं बाळाला अजून नाव नव्हतं.

द्वारकेनं गाडी सुरू केली.

दिगंबर मागच्या उघड्या दाराशी उभा होता. नेहमीसारखाच अनवाणी, खांद्याला झोळी. निघताना तो कायम माईच्या मागं काही पावलं अंतर ठेवून उभा राहायचा आणि ती चालू लागली की चालू लागायचा. आता काय करायचं ते त्याला समजत नव्हतं. गाडीमागं चालत जावं तर धुरळ्यात मागं पडू. न जावं तर…

“माई,” तो म्हणाला. “आता मी कुणाच्या मागं चालू?”

माईनं त्याच्याकडं पाहिलं. मग हातांनी पाय उचलून ती खिडकीकडं सरकली, शेजारी जागा केली.

“दमला असशील,” ती म्हणाली. “बैस.”