आठ मेगापिक्सलचे अध्यक्ष

देवाशप्पथ, खरी गोष्ट आहे. म्हणजे मी तिथे नव्हतो, पण ज्यानं सांगितली तो खोटं फार कमी बोलतो.

नाशिकच्या एका सोसायटीत अध्यक्ष घारपुरेसाहेबांनी आठ मेगापिक्सलचे कॅमेरे लावून घेतले. बसवणारी तबस्सुम म्हणाली होती, "साहेब, तुमच्या जुन्या रेकॉर्डरला एकच मेगापिक्सल झेपतो. तोही बदला." साहेबांनी ऐकलं नाही. मग रेकॉर्डिंगमध्ये गाडीचा नंबरसुद्धा वाचता येईना.

भर सभेत साहेब गरजले, "कॅमेरेच खोटे! फसवणारी म्हणून हिचं नाव नोटीस बोर्डावर लावा!"

तबस्सुमनं सभेच्या इतिवृत्ताची वही मागितली. "साहेब, मागच्या सभेत तुम्ही किती बोललात?"

"अडीच तास! एकेक मुद्दा मोत्यासारखा!"

तिनं वाचलं, "अध्यक्षांनी मार्गदर्शन केले. चहापान झाले." मग वही मिटली. "आता तुमचं भाषण खोटं म्हणायचं, की लिहून घेणारा कमी पडला?"

अख्खी सभा आ वासून तिच्याकडे बघत राहिली. सेक्रेटरी मात्र पंख्याकडे बघत होते.

साहेब म्हणाले, "रेकॉर्डर नवा आणा. आणि सेक्रेटरीही."

काय बाई आहे! मी तर हात जोडले. तुम्हीही जोडा, आणि मग एक मिसळ सांगा. जादा पावाचे पैसेही तुम्हीच द्यायचे.